रात्र उघड्यावरची आणि तीन कपाटे

आमच्या गावच्या वाचनालयात विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' इतिहासाच्या कपाटात ठेवलेला आहे. गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा' प्रवासवर्णनांत, तर लक्ष्मण माने यांची 'उपरा' आत्मचरित्रांत. मधल्या कपाटापासून तिसऱ्यापर्यंत फार तर दहा पावले. पण गेल्या तीसेक वर्षांत ही तीन पुस्तके एकाच वेळी घरी नेणारा वाचक मी पाहिलेला नाही, आणि चार वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यातलाच होतो. ग्रंथपालाला दोष देण्यात अर्थ नाही. मराठी समीक्षेने जी कपाटे आधीच करून ठेवली, त्यांतच त्याने पुस्तके लावली.

या तिन्ही पुस्तकांत माणसे रात्री उघड्यावर निजतात. दिवस मावळताना पाणी शोधतात, तीन दगड मांडतात, जाळ करतात, सामान उशाखाली घेतात आणि अंधारात कान उघडे ठेवून पडतात. एवढ्यापुरता त्यांचा अनुभव एकच आहे. तो लिहिताना मराठी गद्य तीन वेगळ्या वाटांनी का गेले आणि त्यात काय काय सुटले, हे या लेखात पाहायचे आहे. प्रश्न निव्वळ वाङ्मयप्रकाराचा असता तर तो प्राध्यापकांवर सोडून मी गप्प बसलो असतो. पण आमच्या किनाऱ्यावर गेली काही वर्षे उघड्यावरची रात्र विकली जाते आहे, आणि त्याच किनाऱ्यावरची काही माणसे वर्षातले सहा-सात महिने ती फुकट काढत आहेत. म्हणून तो माझ्या दारातला प्रश्न झाला.

आधी शब्दांकडे पाहू. उघड्यावर रात्र काढण्याला आपल्याकडे एक शब्द नाही, पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा माणूस ठरलेला आहे. तंबू साहेबाचा, राहुटी शिपायाची, पाल भटक्याचे, पथारी वारकऱ्याची किंवा फुटपाथवरच्याची. तळ पडतो तो फौजेचा, नाहीतर पालखीचा. 'मुक्काम' या अरबीतून आलेल्या शब्दाने मात्र कुणाशी भेदभाव केला नाही. राजाचा मुक्काम असतो तसा एसटीचाही असतो. खेड्यात रात्री येऊन थांबणाऱ्या गाडीला आजही 'मुक्कामी गाडी' म्हणतात, आणि उन्हाळ्यात तिचे ड्रायव्हर-कंडक्टर टपावर निजलेले मी लहानपणी पाहिले आहेत. पाल आणि तंबू ही दोन्ही कापडाचीच घरे. पण तंबू ठोकणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि पाल ठोकणाऱ्याला गावाला वर्दी द्यावी लागते. हा फरक कोशात सापडत नाही. तो पुस्तकांतून वाचावा लागतो.

गोडसे भटजी आमच्या जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या वरसईचे. घरावर कर्ज, पदरी भिक्षुकी. बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत अशी बातमी आली आणि दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली ते काकांबरोबर पायी उत्तरेला निघाले. वाटेत बंड उसळले. मथुरेचा यज्ञ राहिला बाजूला, आणि ग्वाल्हेर, झांशी, काल्पी, कानपूर, लखनौ, अयोध्या, काशी असे फिरत, लुटले जात, जीव वाचवत ते जवळजवळ तीन वर्षांनी परतले. पुढे १८८३ च्या सुमारास चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीकत मोडीत लिहून दिली. वैद्यांनी ती लगेच छापली नाही. सरकारची भीती होतीच. भटजींच्या पश्चात १९०७ साली ती छापली, तीही भाषा आपल्या काळाला मानवेल अशी साफसूफ करून आणि काही भाग गाळून. मूळ हस्तलिखितावरून पाठ तयार करण्याचे काम दत्तो वामन पोतदारांनी केले. ती आवृत्ती १९६६ ची. हिंदीत अमृतलाल नागरांनी तिचा अनुवाद केला, आणि अलीकडे शांता गोखले, मृणाल पांडे यांच्यासारख्यांनी ती इंग्रजीत नेली.

एवढी वाटचाल झालेल्या या पुस्तकाला आजवर एकच प्रश्न विचारला गेला आहे: झांशीत नेमके काय घडले? १८५८ च्या मार्चअखेर ह्यू रोजने वेढा घातला, एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडले, आणि त्या वेळी आत असलेला हा मराठी साक्षीदार. म्हणून पुस्तकातली ती पाने झिजली आहेत. बाकीची पाने, म्हणजे शेकडो कोसांची चाल आणि दर रात्रीचा मुक्काम, ही जणू झांशीला जायची आणि झांशीहून यायची सोय. मला मात्र ही उरलेली पानेच पुस्तकाचा पाया वाटतात. भटजी इतिहासाचे साक्षीदार अपघाताने झाले. पायी चालणारा मुक्कामी माणूस ते ठरवून झाले होते.

आणि हा मुक्कामी माणूस कसा? खलाटीतला. आमच्याकडे पाणी शोधावे लागत नाही. अष्टागरातल्या वाड्यांत विहिरीला रहाट बसतो इतके ते वर असते, आणि पावसाळ्यात नको नको होते. असा माणूस बुंदेलखंडाच्या उन्हाळ्यात जातो. खडकाळ मुलूख, खोल विहिरी, वैशाखात आटलेले ओढे. त्या वाटेवर लोटा-दोरी जवळ नसेल तर विहीर समोर असूनही माणूस तहानेने मरेल. शिवाय हा माणूस कर्मठ आहे. त्याला स्नान हवे, संध्या हवी, सोवळ्याने शिजवलेले हवे, आणि ते बहुधा स्वतःच्याच हातचे. म्हणजे आज ज्याला आपण रानातला किमान गरजांचा मुक्काम म्हणतो, तो गोडसे भटजींसाठी किमान नव्हताच. साध्या वाटसरूला पाणी, सरपण आणि कोरडी जागा पुरते. भटजींना पाणी वाहते किंवा शेंदलेले, जागा सारवता येईल अशी, आणि शिजवताना कुणाची सावली पडणार नाही इतका आडोसा लागायचा. धर्माने त्यांचे ओझे कमी केले नव्हते, वाढवलेच होते. परतीच्या वाटेवर त्यात गंगेच्या कावडीची भर पडली. कावड भुईला टेकवायची नाही असा आपल्याकडचा दंडक. ती टांगायला झाडाची फांदी तरी हवी, नाहीतर घोडी तरी. त्या कावडीतल्या पाण्याने वरसईला आईवडिलांना स्नान घालायचे, एवढ्यासाठी हा माणूस बंडाने उजाडलेल्या मुलखातून ती खांद्यावरून घेऊन आला. आज पाठीवरच्या सॅकचे वजन ग्रॅममध्ये मोजणारे तरुण मला भेटतात. त्यांना मी ही कावड आठवणीने सांगतो.

या पुस्तकातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंगही मुक्कामाचाच आहे, याकडे कुणी फारसे लक्ष दिलेले नाही. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाई पुरुषी वेषात, धुळीने माखलेली, तहानलेली भेटते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती त्यांना थांबवते: तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी शेंदू नका. मग स्वतः मडक्याने पाणी काढते आणि ओंजळीने पिते. हा प्रसंग आजवर राणीच्या विनयासाठी आणि दैवाच्या फेऱ्यासाठी वाचला गेला. नाटकांना तो फार उपयोगी आहे. पण एकदा तो विहिरीच्या बाजूने वाचून पाहा. राज्य गेले आहे, मागे फौज लागली आहे, आणि तरीही मोकळ्या माळावरच्या विहिरीपाशी पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की कुणासाठी कुणी पाणी काढायचे. उघड्यावर आले म्हणून माणूस मोकळा होत नाही. छप्पर नाहीसे होते, पण उतरंड जागच्या जागी राहते.

हे मला अचानक सुचले नाही; आमच्या जिल्ह्यात राहून ते सुचल्यावाचून राहत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली तेव्हा गावोगावची हजारो माणसे चालत आली आणि मांडवात राहिली. भरल्या तळ्याच्या गावात त्यांच्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली तेव्हा मांडवाला जागा द्यायला कुणी सवर्ण तयार होईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. विसाव्या शतकात या जिल्ह्यात पडलेला सर्वांत मोलाचा तळ कुठला, असे मला कुणी विचारले तर मी महाडचा सांगेन. पण त्याला आपण चळवळीच्या कपाटात ठेवले, म्हणजे आणखी एक, चौथे कपाट.

गोडसे भटजींच्या गद्यात एक गोष्ट फारशी येत नाही, आणि ती म्हणजे आकाश. रात्री उघड्यावर पडलेला हा माणूस चांदण्यांविषयी जवळजवळ बोलतच नाही. चित्रकूटसारखे स्थान आले की तो रमतो, पण तीर्थ म्हणून रमतो. रान त्याला रान म्हणून आवडत नाही. रान म्हणजे चोर, शिपाई, काटे आणि पाण्याची पंचाईत. पुष्कळांना ही त्याची वाङ्मयीन उणीव वाटेल. मला ती वाटत नाही. ज्याला दुसरा पर्याय नाही तो आकाशाकडे कौतुकाने बघत नाही. पहाट किती लांब आहे ते बघतो.

इथे मूळ लेखनाविषयी थोडे सांगायला हवे. मोडी मी उशिरा, एका सुट्टीतल्या वर्गात शिकलो आणि अजूनही अडखळत वाचतो. पण एवढे कळते की मोडीत विरामचिन्हे नसतात. चाल, ऊन, विहीर, स्वयंपाक, भीती, झोप आणि पुन्हा चाल हे सारे एका श्वासात येते. वैद्यांनी त्याचे परिच्छेद पाडले, प्रकरणे केली, आणि त्याबरोबर काही घटना मोठ्या झाल्या, काही लहान. मुक्काम लहान झाले. वैद्यांची अडचण मी समजू शकतो; त्यांना १९०७ सालच्या वाचकापुढे देशाचा इतिहास ठेवायचा होता. तरी पोतदारांचा पाठ हाती असताना आपण अजून वैद्यांच्याच डोळ्यांनी वाचत राहावे, याला निमित्त उरलेले नाही.

गोडसे चालून आले आणि त्यांनी ते चालणे लिहिले, यांच्या मध्ये सुमारे पाव शतक गेले. त्या पाव शतकात उघड्यावरची रात्र बदलून गेली. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली. घाट चढून देशावर जाणाऱ्याला मुक्काम करण्याची गरज उरली नाही. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर पसरली. आता काही जमातींनी रात्र कुठे काढली याची पोलिसांत नोंद होऊ लागली. १८७८ च्या वन कायद्याने राने राखीव झाली, आणि रानातून सरपण आणणे हा गुन्हा ठरू शकला. म्हणजे ज्याच्याजवळ तिकिटाचे पैसे होते त्याला उघड्यावर निजण्यातून सुटका मिळाली, आणि ज्याला उघड्यावरच निजायचे होते तो संशयित झाला. मराठीत रानातल्या रात्रीचे कौतुक यानंतर सुरू होते. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. परत जायला घर आणि घरी जायला गाडी असल्याखेरीज चांदणे गोड लागत नाही.

म्हणून गोनीदा येतात. त्यांच्याविषयी मी हातचे राखून लिहू शकणार नाही, कारण आमच्या पिढीला गडावर त्यांनी नेले. स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने पोरवयात घर सोडलेला, गाडगे महाराजांबरोबर हिंडलेला, नर्मदेची परिक्रमा पायी केलेला हा लेखक. उघड्यावरची रात्र त्यांना ऐकून ठाऊक नव्हती. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही परिक्रमेवरची कादंबरी आणि 'दुर्गभ्रमणगाथा' हे गडांवरचे लेखन, या दोन्हींत मराठी गद्याला प्रथमच अंधाराचे, दवाचे, दगडाच्या गारव्याचे शब्द भरभरून मिळाले. गोडसे भटजींच्या नजरेतून जे निसटले ते गोनीदांनी भरून काढले. आकाश आले.

पण त्याबरोबर दुसरी एक गोष्टही आली. परिक्रमेत शूलपाणीच्या झाडीत भिल्ल लुटतात, हा नर्मदेवरच्या मराठी लेखनातला ठरलेला टप्पा आहे. जगन्नाथ कुंट्यांच्या 'नर्मदे हर हर'पर्यंत तो येतो. लंगोटीपर्यंत सगळे जाते आणि परिक्रमावासी हलका होतो. नर्मदामैय्याने अहंकार काढून घेतला, असा त्याचा अर्थ लागतो. आता गोडसे भटजी लुटले जातात तेव्हा काय होते ते आठवा. त्यांना त्यात कृपा दिसत नाही, कर्ज दिसते. घरून निघाले तेच चार पैसे मिळवायला. लुटीचा आध्यात्मिक अर्थ लावण्याची चैन त्यांना परवडत नव्हती. आणि लुटणारा भिल्ल? तो या साऱ्या लेखनात रानाचा एक भाग म्हणून येतो, जसा वाघ किंवा काटा येतो. त्याची रात्र कशी जाते, ही झाडी राखीव झाल्यावर त्याने काय खाल्ले, हे विचारायला कथेला सवड नसते. पुढे सरदार सरोवराच्या पाण्याने त्या झाडीची वाटच बुडवली. त्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली त्यांत भिल्ल होते.

'माचीवरला बुधा' हे मला गोनीदांचे अधिक खरे पुस्तक वाटते. मुंबई सोडून म्हातारपणी राजमाचीवर परतलेला बुधा एकटा राहतो, झाडांशी आणि जनावरांशी त्याचा संसार. राजमाचीच्या खाली कर्जतचा मुलूख, म्हणजे आमचाच जिल्हा. बुधा तिथे हौसेला जात नाही, आणि नाइलाजानेही नाही. ती त्याची जागा आहे म्हणून जातो. हौस आणि लाचारी यांच्या मधला हा तिसरा भाव मराठीत फार दुर्मीळ आहे. गोनीदांनंतर गडकोटांवर लिहिणाऱ्यांनी 'दुर्गभ्रमणगाथे'चा सूर उचलला आणि बुधाला माचीवरच ठेवले. आज दर दिवाळी अंकात एक तरी ट्रेकलेख असतो. त्यात टाक्यातल्या थंडगार पाण्याचे वर्णन असते, सूर्योदय असतो, महाराजांचे स्मरण असते. वाट दाखवणारा आणि पिठलं-भाकरी करून देणारा कुणी 'मामा' असतो, आणि त्या मामाला क्वचितच आडनाव असते.

जंगलावरच्या लेखनात परिस्थिती थोडी बरी आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' लहान पण पारदर्शक पुस्तक. त्यात लेखक आपण पाहुणे आहोत हे विसरत नाही. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते, म्हणजे कायद्याच्या बाजूने रानात राहत होते. तरी त्यांनी नवेगाव बांधच्या परिसरात रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची, वाटांची नावे घेतली आणि ती कुणाकडून घेतली हे सांगितले. भाषेच्या बाबतीत हे मोठे काम आहे. आमच्या फणसाडच्या रानात पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. हा शब्द छापील मराठीत मला फार थोड्या ठिकाणी भेटला. बुद्धपौर्णिमेला प्राणिगणनेसाठी मचाणावर रात्र काढणारे हौशी लोक आता तो शब्द घेऊन मुंबईला जातात, हे चांगलेच आहे.

आता तिसरे कपाट. 'उपरा' १९८० मध्ये आले आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कैकाडी समाजातले कुटुंब, गाढवांवर बिऱ्हाड, फोकाच्या टोपल्या विणून विकायच्या आणि पुढच्या गावाला निघायचे. दादासाहेब मोरे यांचे 'गबाळ'ही त्याच दशकातले. तिथे कुडमुडे जोशी आहेत आणि तसेच पालातले जगणे आहे. समीक्षेने या पुस्तकांना दलित आत्मकथने म्हटले, त्यांतली वेदना आणि विद्रोह यांवर बोलली, आणि लगोलग त्यांना सामाजिक दस्तऐवज म्हणून बाजूला ठेवले. दस्तऐवज हा शब्द मराठी समीक्षेत आदराने वापरला जातो, पण तो वापरला की त्या पुस्तकाच्या गद्याविषयी बोलायची जबाबदारी संपते.

मी चार वर्षांपूर्वी 'माझा प्रवास' आणि 'उपरा' ही पुस्तके एकाच आठवड्यात पुन्हा वाचली. वरसईवर काही टिपण करायचे होते आणि दुसरे घरात होते म्हणून. तेव्हा लक्षात आले की मराठीत मुक्कामाचे सर्वांत नेमके ज्ञान या दोन पुस्तकांत आहे, आणि दोन्हींतली नजर बरीचशी सारखी आहे. दोघांनाही आधी पाणी दिसते, मग सरपण, मग धोका कुठून येईल ती दिशा. दोघांच्याही गद्यात आकाश कमी आणि भुई जास्त आहे. फरक पुढे सुरू होतो. भटजींना गावात शिरताना जात हे तिकीट आहे: शिधा मिळतो, ओटी मिळते, अनोळखी मुलखातही आपल्या शाखेचा माणूस सापडतो. भटक्याच्या पालाला तीच जात आडकाठी होते. पाल गावापासून लांब पडायचे, पाटलाकडे वर्दी द्यायची, आणि गावात चोरी झाली तर पहिली झडती पालाची. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, त्या जमातींना 'विमुक्त' म्हटले गेले. झडती मात्र या आत्मकथनांच्या पानोपानी चालूच आहे. म्हणजे दोघेही चोराला भितात, पण एकाला चोर येईल याची भीती आहे आणि दुसऱ्याला आपल्याला चोर म्हणतील याची. उघड्यावरच्या रात्रीत एवढे मोठे अंतर असू शकते हे मला कुठल्याही एका पुस्तकातून कळले नसते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मी स्वतःच घेतो. गोनीदांचा आनंद खोटा होता काय? मुळीच नाही. राजगडाच्या माचीवर पौर्णिमेला पडून मीही रडलो आहे. ज्याला घर आहे त्याने रानात जाऊ नये असे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. माझी तक्रार वाचनाविषयी आहे. आनंदाच्या पुस्तकांना आपण साहित्य म्हणतो, नाइलाजाच्या पुस्तकांना दस्तऐवज आणि भटजींना पुरावा. असे वाचल्याने गोनीदांचेही नुकसानच होते. कारण त्यांचे चांदणे किती महाग आहे हे 'उपरा' शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि 'उपरा'तले कसब, म्हणजे वाऱ्याची दिशा पाहून पालाचे तोंड फिरवण्यापासून ओल्या लाकडाचा जाळ धरवण्यापर्यंतची कारागिरी, ही वेदनेच्या गदारोळात कुणाला दिसत नाही.

आमच्या किनाऱ्यावर या कसबाचा आज काय भाव आहे ते पाहा. अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद या पट्ट्यात पुळणीलगत रंगीत तंबूंच्या रांगा लागतात. 'निसर्गाच्या कुशीत एक रात्र' अशी पाटी असते. तंबूत हवेची गादी असते, बाहेर शेकोटी, शीगांवर कोंबडी, आणि स्पीकरवर गाणी. हेही कुणाला नको असेल असे नाही. मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या पोराने पहिल्यांदा भरतीचा आवाज अशाच तंबूतून ऐकला असेल. गेल्या हिवाळ्यात अशा एका जागी मी गेलो होतो. तंबू ठोकायला, लाकडे फोडायला आणि शेकोटी धरवायला जवळच्या वाडीवरचा कातकरी पोरगा होता. ओल्या वाऱ्यात पाहुण्यांच्या काड्यांची अर्धी पेटी संपली होती. त्याने खाली बसून एका काडीत जाळ केला. टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याचा फोटो काढला. रात्री तो कुठे निजला हे मी विचारले, तर तंबू राखायला तंबूंच्या मागे, सुरूखाली, ताडपत्रीवर.

कातकरी म्हणजे काथोडी, खैराचा काथ काढणारे. १८८३ सालच्या कुलाबा गॅझेटियरमध्ये त्यांच्याविषयी पाने आहेत. त्याच सुमारास भटजी आपली हकीकत मोडीत लिहीत होते, हे मला नेहमी आठवते. राने राखीव झाली, काथ गेला, मग कोळशाच्या भट्ट्या, मग विटांच्या. १९३४ मध्ये वेलिंग यांनी त्यांच्यावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. आज सरकारदरबारी ते राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहेत, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर. त्यांच्याविषयी लिहिले गेले ते असे बाहेरून. कातकऱ्याने लिहिलेले 'माझा प्रवास' किंवा 'उपरा' माझ्या हाती अजून आलेले नाही. मी वाट पाहतो आहे असे म्हणणे सोपे आहे. त्याऐवजी गेली दोन वर्षे आमच्या बाजूच्या वाडीवरच्या दोन वयस्क बायांकडून मुक्कामाचे शब्द उतरवून घेतो आहे: भट्टीवरच्या झोपडीच्या भागांची नावे, जाळाचे प्रकार, रात्रीचे प्रहर ओळखायच्या खुणा. वही अर्धी भरली आहे. त्यातले काही शब्द मला कुठल्याच कोशात सापडले नाहीत, मोल्सवर्थमध्येही नाही, ज्याची दुसरी आवृत्ती भटजी वरसईहून निघाले त्याच साली, १८५७ मध्ये, निघाली होती.

ही वही दिवाळीनंतर पुढे सरकत नाही. भाऊबीज झाली की वाडीवर ट्रक येतो. उचल आधीच घेतलेली असते. पातेली, कोंबड्या, कुत्रे, निळे प्लॅस्टिक, दोन-तीन गोधड्या आणि शाळेत नाव असलेली पोरे चढतात, आणि दाराला काटेरी फांदी लावून घर बंद होते. मागच्या वर्षी त्यातल्या एकीने जाताना विचारले, 'दादा, एवढं लिवतोस, तू निजलास का कधी भट्टीवर?' मी राजगडावर निजलो होतो, रायगडावर निजलो होतो. तिला ते सांगितले नाही. या वर्षी ट्रक आला की चार दिवस त्यांच्याबरोबर जायचे ठरले आहे. जागा कर्जतच्या बाजूला आहे आणि पाणी टँकरचे, एवढेच कळले आहे.